बोलता न येणाऱ्यांसाठी कमी खर्चाची संवाद साधनं: हो-नाहीपासून स्विचपर्यंत, पुण्यात काय कुठून जमवायचं

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल, न बोलणारं स्वमग्न मूल, पक्षाघातानंतर शब्द हरवलेले आजोबा, मोटर न्यूरॉन आजारात आवाज क्षीण होत चाललेली बाई, स्वरयंत्र काढावं लागलेला माणूस, गळ्यात नळी असलेला अतिदक्षता विभागातला रुग्ण. यांच्यापैकी कुणासाठीही साधन शोधायला निघालेल्या घरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा टॅब केवढ्याला पडेल, हा असतो. हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. आधी हो-नाही पक्कं करायचं, मग कागदी तक्ता, मग घरात आहे तोच फोन, आणि बोटानं पडदा दाबता येत नसेल तर स्विच, म्हणजे एका दाबानं फोन चालवणारं मोठं बटण. पहिल्या पायरीला काहीच खर्च नाही, दुसरीला तीनेकशे रुपये लागतात. टॅबपासून सुरुवात केलेल्या घरांत बऱ्याचदा तो टॅब व्हिडिओ बघायला वापरला जातो आणि संवाद होता तिथेच राहतो.

एक भीती आधी दूर करू, कारण तिच्यापायी मुलांची वर्षं वाया जातात: "चित्रं दाखवायची सवय लागली तर बोलणारच नाही." मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. नीट पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालं नव्हतं. ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलं होतं. बोलायला येण्याची वाट बघत तक्ता पुढे ढकलण्यात काहीच फायदा नाही. स्पीच थेरपी आणि तक्ता एकाच वेळी चालू राहू शकतात आणि राहायला हवेत.

पहिली पायरी: भरवशाची हालचाल आणि हो-नाही

आधी बसणं बघा. पाय अधांतरी, कंबर पुढे घसरलेली, मान एका बाजूला, अशा स्थितीत हात आणि डोळे दोन्ही शरीर सावरण्यात अडकतात. कंबर मागे टेकवा, पायाखाली पाट द्या, मांडीवर टेबल किंवा ट्रे ठेवा. मग एक आवडती वस्तू आणि एक नावडती वस्तू दोन बाजूंना धरून बघा: कोणती हालचाल दर वेळी तशीच, कमी कष्टात आणि मनात आलं तेव्हा होते? बोट, मूठ, मान, गुडघा, डोळे, भुवई, काहीही चालेल. ताठरपणामुळे हात झटकन उडत असेल, तर ती हालचाल मोठी असली तरी भरवशाची नसते.

'हो'साठी एक हालचाल आणि 'नाही'साठी दुसरी, वेगळी हालचाल ठरवा. "हो असेल तर डोळे मिचकाव" एवढंच ठरवलं तर उत्तर न येण्याचा अर्थ नाही, दमलोय, ऐकू आलं नाही की प्रश्न कळला नाही, हे कधीच समजत नाही. शिवाय डोळे आपोआपही मिचकतात. वर बघणं म्हणजे हो आणि खाली बघणं म्हणजे नाही, ही जोडी बऱ्याच जणांना जमते. तिसरी खूणही हवी: 'माहीत नाही' किंवा 'तू म्हणतोस त्यातलं काहीच नाही'. ती नसेल तर माणूस चुकीच्या दोन पर्यायांत कोंडला जातो.

मग तपासा. ज्यांची उत्तरं तुम्हाला पक्की माहीत आहेत असे १० प्रश्न घ्या आणि हो-नाही उलटसुलट क्रमानं विचारा. ८ किंवा जास्त बरोबर आले तर खूण वापरायला घ्या. कमी आले तर माणसाला समजत नाही असा निष्कर्ष काढू नका. आधी हालचाल बदलून बघा. प्रत्येक प्रश्नानंतर मनात सावकाश १० पर्यंत मोजा. सेरेब्रल पाल्सीत आणि पार्किन्सनमध्ये शरीर उशिरा हलतं, आणि मधे पुन्हा प्रश्न विचारला की सुरू झालेली हालचाल मोडते. ठरलेली खूण मोठ्या अक्षरात लिहून पलंगावर किंवा व्हीलचेअरला लावा, म्हणजे नवीन नर्सला किंवा शाळेतल्या मावशींना विचारत बसावं लागणार नाही.

दुसरी पायरी: मराठी तक्ता

इंग्रजी तक्त्यातले शब्द मराठीत बदलून घेतलेले तक्ते सर्रास मिळतात आणि ते अडतात. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणून तक्त्यावर क्रियापदं उजव्या कडेला हवीत. डावीकडे माणसं, मधे वस्तू-जागा-गुण, उजवीकडे क्रिया. बोट डावीकडून उजवीकडे गेलं की वाक्य आपल्या क्रमानं तयार होतं: मला – पाणी – पाहिजे.

'मी'पेक्षा 'मला' आधी ठेवा. मराठीत गरजेची बहुतेक वाक्यं 'मला'नं सुरू होतात: मला पाहिजे, मला नको, मला दुखतंय, मला जायचंय, मला कळलं नाही. याचा दुसरा फायदा मोठा आहे. 'जातो-जाते', 'खातो-खाते' यात बोलणाऱ्याचं लिंग बदलतं आणि घरोघर वेगळा तक्ता करावा लागतो. 'मला जायचंय' सगळ्यांना चालतं. तसंच 'हवा-हवी-हवं' टाळून 'पाहिजे' घ्या. 'नको' हा तर एकट्यानं पूर्ण वाक्य होणारा शब्द आहे, त्याला कोपऱ्यातली सहज हात पोचेल अशी जागा द्या.

पहिल्या तक्त्यात नावांची गर्दी करू नका. दहा फळं, दहा प्राणी आणि पाच रंग असलेल्या तक्त्यावर मूल फक्त वस्तूंची नावं सांगू शकतं, संवाद करू शकत नाही. निम्म्याहून जास्त घरं कुठल्याही प्रसंगात चालणाऱ्या शब्दांना द्या: मला, तू, हे, ते, आणखी, नको, पाहिजे, दे, ये, जा, बघ, थांब, उघड, मदत, संपलं, आवडतं, काय, कुठे, कोण, पुन्हा. मग घरातली माणसं, खाणं, संडास, शाळा, खेळ. आणि हे चार विसरू नका: 'मला काहीतरी सांगायचंय', 'तक्त्यात शब्द नाही', 'तुला चुकीचं कळलं', 'नंतर सांगतो' किंवा 'सांगते'.

शरीराचे सगळे अवयव, गुप्तांगांसकट, आणि 'मला इथे हात लावला', 'भीती वाटते', 'कोणी मारलं' हे शब्द असलेलं एक पान हवंच. न बोलणाऱ्या मुलांवर अत्याचार करणारा माणूस हे मूल सांगू शकणार नाही याच भरवशावर असतो. हे पान शिक्षकांना आणि आजी-आजोबांना अवघड वाटतं. तरीही ते काढू नका. तक्रारीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक त्याच पानामागे लिहून ठेवा.

तक्ता करण्याचं प्रत्यक्ष काम असं:

१. बोट किती अचूक पोचतं ते बघून घरांची संख्या ठरवा. आडव्या ए-४ कागदावर १२ घरं केली तर प्रत्येक घर साधारण ७ बाय ६.५ सेंटिमीटरचं होतं. ४० घरं केली तर साडेतीन सेंटिमीटरचं. ४० शब्द हवेत आणि हात थरथरतो, तर शब्द कमी करण्याआधी ए-३ कागद घेऊन बघा.

२. चित्रांसाठी स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा 'आरासाक' हा संग्रह फुकट वापरता येतो. चित्रकार सर्जिओ पालाओ. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, बिगर-व्यापारी वापरासाठी. तक्त्याच्या तळाशी चित्रकाराचं आणि आरासाकचं नाव लिहायचं आणि तक्ते विकायचे नाहीत. भाकरी, वरणभात, पीएमपीची बस, गणपती अशा गोष्टींचे फोटो स्वतः काढा, मागे साधा एकरंगी कपडा धरून. मोठ्या माणसासाठी बालवाडीतली चित्रं वापरू नका. फोटो किंवा नुसते ठळक शब्द द्या. अपमान वाटला की तक्ता कपाटात जातो.

३. शब्द चित्राच्या वर लिहा. खाली लिहिला तर बोट ठेवताच शब्द झाकला जातो आणि समोरच्याला वाचता येत नाही.

४. रंग ठरलेले ठेवा: माणसं पिवळी, क्रियापदं हिरवी, वस्तू नारिंगी, गुण निळे. हीच पद्धत बहुतेक ॲपांतही दिसते, त्यामुळे पुढे फोनवर जाणं सोपं होतं.

५. युनिकोड टंक वापरा (मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी) आणि छापायला पीडीएफ न्या. वर्डची फाइल नेली की दुकानातल्या संगणकावर वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं तुटतात, आणि ते छापून झाल्यावर लक्षात येतं.

६. लॅमिनेशन १२५ मायक्रॉनचं आणि चकाकी नसलेलं, मॅट मागा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि व्हीलचेअरवरून मधली चार घरं दिसतच नाहीत. सुटी कार्डं करायची असतील तर आधी कापा, मग कडेनं ५ मिलिमीटर मोकळं सोडून लॅमिनेट करा. लॅमिनेट करून मग कापलं तर लाळ आणि पाणी कडेतून आत शिरतं आणि आठवडाभरात पापुद्रे सुटतात.

अप्पा बळवंत चौकात छपाई, लॅमिनेशन, रिंगा, वेल्क्रो असं सगळं शेजारीशेजारी मिळतं. एकाच फेरीत तीन प्रती करा: एक घरी, एक दप्तरात, एक शाळेत किंवा गाडीत. कार्डं गळ्यात अडकवायची असतील तर ओढल्यावर सुटणारी पट्टीच घ्या. साध्या नाडीनं लहान मुलाला फास बसू शकतो. त्यापेक्षा कमरेला क्लिप बरी.

ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी: अक्षरफलक

मोटर न्यूरॉन आजार, मानेची दुखापत, मेंदूच्या खोडाला झालेला पक्षाघात यांत बहुतेकांची बुद्धी आणि वाचन शाबूत असतं, हालचाल जाते. इथे चित्रं नकोत, अक्षरं हवीत. यासाठी देवनागरीची वर्गवार मांडणी आयती उपयोगी पडते, कारण शाळेत पाठ केलेला क-च-ट-त-प क्रम मोठ्या माणसांच्या तोंडी बसलेला असतो.

४१ खुणा ८ गटांत अशा बसवा: स्वरांचा गट (आ, इ, उ, ए, ओ, अं), क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म, य र ल व ळ, श स ह क्ष ज्ञ. क-गटात उरलेल्या पाचव्या जागी 'शब्द संपला' आणि च-गटातल्या पाचव्या जागी 'चुकलं, पुसा' ठेवा. अ आणि आ एकत्र, ऱ्हस्व-दीर्घ एकच, श-ष एकच, क्ष-ज्ञ सोडून इतर जोडाक्षरांना वेगळी खूण नाही. 'त्रास' लिहायला त, र, आ, स. समोरचा मराठी माणूस ते वाचू शकतो. शुद्धलेखन राखायला गेलं तर एका शब्दाला दुप्पट खुणा लागतात आणि दमलेला माणूस अर्ध्यावर सोडून देतो.

बोटही हलत नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिल्यात मदतनीस ओळी वाचतो: "स्वर? क? च? ट?" हवी ती ओळ आली की माणूस हो-खूण करतो, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून. स्वरांची ओळ सगळ्यात आधी विचारा, कारण व्यंजनानंतर काना-मात्रा लागण्याची शक्यता मोठी असते. मिळालेलं अक्षर लगेच कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. दोन-तीन अक्षरांनंतर अंदाज बांधायला हरकत नाही, पण तो विचारून खात्री करा आणि चुकला तर निमूट मागे या.

दुसरा मार्ग डोळ्यांच्या पाटीचा. साइनबोर्ड करणाऱ्याकडून ६० बाय ४५ सेंटिमीटरचं पारदर्शक ॲक्रिलिक कापून घ्या, जाडी ३ मिलिमीटर. २ मिलिमीटरचं मधे वाकतं. कडा घासून गुळगुळीत करून मागा. चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य अशा ८ जागी एकेक गट चिकटवा. मधला भाग पूर्ण मोकळा. प्रत्येक गटातली अक्षरं सहा वेगवेगळ्या रंगांची, आणि आठपैकी सहा जागांना एकेक रंगाचा ठिपका. 'म' हवा असेल तर आधी प-गटाकडे बघायचं, मग मधे मदतनिसाच्या डोळ्यांकडे परत यायचं, मग 'म'च्या रंगाच्या ठिपक्याकडे बघायचं. तेच स्टिकर काचेच्या दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावा, म्हणजे मदतनिसाला उलटं वाचावं लागणार नाही. पाटी चेहऱ्यापासून ४५ ते ६० सेंटिमीटरवर धरा. नजर कुठे आहे ते ओळखू येत नसेल तर सहसा पाटी फार लांब धरलेली असते किंवा रुग्णाच्या चेहऱ्यावर उजेड नसतो. दिवा रुग्णाच्या चेहऱ्यावर पडेल असा ठेवा. एकूण खर्च हजाराच्या आत बसतो.

पक्षाघातानंतरच्या वाचाघातात मात्र हा अक्षरफलक पुढे करू नका. वाचाघातात बोलण्याबरोबर वाचन आणि लेखनही कमीजास्त बिघडलेलं असतं. अक्षर शोधता आलं नाही की माणूस खचतो. तिथे घरच्यांचे फोटो, कॅलेंडर, पुण्याचा नकाशा, ० ते १० ची वेदनेची पट्टी आणि एक कोरी वही जास्त कामाची. तुम्ही बोलताना मुख्य शब्द वहीत लिहा, दोन-तीन पर्याय लिहून समोर धरा, एका वेळी एकच प्रश्न विचारा.

तक्ता शिकवायचा कसा

तक्ते पडून राहतात ते बहुधा या पायरीवर चुकल्यामुळे. "सफरचंद कुठंय दाखव", "आता पाणी दाखव" ही परीक्षा झाली, संभाषण नाही. आधी तुम्ही स्वतः तक्त्यावर बोट ठेवत बोला. जेवताना "आणखी पाहिजे?" म्हणताना 'आणखी' आणि 'पाहिजे' दाखवा. रिक्षा थांबली की 'थांब' दाखवा. मुलानं परत दाखवलं पाहिजे अशी अट घालू नका. मूल बोलायला लागण्याआधी आपण त्याच्याशी वर्षभर बोलतच असतो. दोन-तीन महिने असं नेमानं केल्याशिवाय उपयोग होत नाही असा निकाल देऊ नका.

मूल एक शब्द दाखवू लागलं की तुम्ही दोन दाखवा. शब्दांच्या जागा कधीही हलवू नका. नवे शब्द रिकाम्या घरांत घाला. हात जागा लक्षात ठेवतो, आणि मांडणी बदलली की तो पुन्हा पहिल्यापासून शिकतो. म्हणूनच सुरुवातीला काही घरं कोरी सोडलेली चांगली. आणि शिक्षा म्हणून तक्ता कधीही काढून घेऊ नका. 'नको' शंभर वेळा दाखवलं तरी नाही. ते त्याचं बोलणं आहे.

तिसरी पायरी: घरातलाच फोन

आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे ॲप फुकट आहे आणि मराठीत चालतं. आवड-नावड, हो-नाही, जास्त-कमी अशी भावना दाखवणारी बटणं चित्रांच्या बाजूला कायम असतात, त्यामुळे एकाच चित्रावरून वेगवेगळी वाक्यं होतात. सशुल्क ॲपांत चेन्नईत घडलेलं 'अवाझ' जुनं नाव आहे. पैसे भरण्यापूर्वी चाचणी काळात तीन गोष्टी बघाच: मराठी आवाज कसा आहे, स्वतःचे शब्द आणि फोटो घालता येतात का, आणि सगळ्या मांडणीची प्रत दुसऱ्या फोनवर नेता येते का. तिसरी नसेल तर फोन फुटला त्या दिवशी भाषा जाते. लिहिता येणाऱ्याला तर कधी कधी गूगल ट्रान्सलेटही पुरतं: मराठीत टंकायचं आणि स्पीकरचं चिन्ह दाबायचं.

फोन तयार करताना आधी प्ले स्टोअरमधून गूगलची स्पीच सर्व्हिसेस अद्ययावत करा. मग सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच शोधा, भाषा मराठी निवडा, आवाजाची फाइल उतरवून घ्या आणि वेग थोडा कमी करा. आता फोन विमान मोडवर टाकून ॲप बोलतं का ते तपासा. ही चाचणी न करता शाळेत पाठवलेला फोन नेट नसलेल्या वर्गात गप्प बसतो. पडदा बंद होण्याची वेळ वाढवा, सूचना बंद करा आणि ॲप पिनिंग चालू करा, म्हणजे बोट चुकून यूट्यूबवर जाणार नाही. संवादाच्या फोनवर खेळ आणि व्हिडिओ शक्यतो ठेवूच नका. बाहेरच्या गोंगाटासाठी लहान ब्लूटूथ स्पीकर जोडा. गणपतीत ढोल-ताशासमोर तोही पुरत नाही, आणि पावसात भिजलेला पडदा बोट ओळखत नाही. म्हणून कागदी तक्ता दप्तरातून काढायचा नाही.

मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालेल्यांनी आणि स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्यांनी आवाज आहे तोवर तो साठवून ठेवावा. शांत खोली, पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर. रोजची ५० ते १०० वाक्यं, घरच्यांची नावं, लाडकी हाक, हसणं, एखादी खास शिवीसुद्धा. प्रत्येक वाक्य वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि फाइलला त्या वाक्याचंच नाव द्या. याला काही खर्च नाही. पण ही वेळ गेली की परत येत नाही, म्हणून निदान झालं त्या आठवड्यातच सुरुवात करा.

चौथी पायरी: स्विच

परदेशी स्विचला काही हजार पडतात. तसाच स्विच बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून पाचशेच्या आसपास होतो. यादी: ६० मिलिमीटरचं घुमटाकार आर्केड बटण (दाबून सोडलं की परत येणारं, दाबल्यावर अडकून राहणारं नको), दीड मीटर दुपदरी मऊ वायर, ३.५ मिलिमीटरचा मोनो प्लग, हीट-श्रिंक नळी, केबल टाय, बटण बसेल असा प्लास्टिकचा डबा आणि खाली चिकटवायला रबराची चटई.

बटणाच्या मायक्रोस्विचला तीन टोकं असतात. वायर 'कॉमन' आणि 'नॉर्मली ओपन' या दोघांनाच जोडा. 'नॉर्मली क्लोज्ड'ला जोडली तर स्विच कायम दाबलेलाच राहतो. दुकानात मोनोऐवजी तीन पट्ट्यांचा प्लग हातात आला तर टोक आणि मुळाची पट्टी या दोनच जागी झाळकाम करा, मधली सोडा. डब्यातून वायर बाहेर येते तिथे आतून केबल टायची गाठ घ्या. ती नसेल तर पहिल्याच ओढाताणीत झाळकाम सुटतं, आणि स्विच बिघडण्याचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण आहे. मल्टिमीटर बीपवर ठेवून ५० वेळा दाबून बघा, वायर हलवत.

फोनला जोडायला मधे एक दुवा लागतो. प्रो मायक्रो नावाचा ३२यू४ चिपचा बोर्ड घ्या, कारण तो फोनला कीबोर्ड म्हणून दिसतो. साधा आर्डुइनो ऊनो बोर्ड तसा दिसत नाही. मोनो सॉकेटचं एक टोक २ क्रमांकाच्या पिनला, दुसरं ग्राउंडला. प्रोग्रॅममध्ये आतला पुलअप (बटण दाबलेलं नसताना पिन वर ठेवणारा) चालू करा आणि पिन खाली गेली की स्पेसचं बटण पाठवा. एकदा दाबल्यावर ५० मिलिसेकंद पुढचे ठोके दुर्लक्षित करा. हात थरथरत असेल तर ३०० पासून सुरू करून वाढवत न्या. ओटीजी केबलनं बोर्ड फोनला लावा आणि गूगलचं स्विच ॲक्सेस सुरू करा (नव्या फोनांत ते प्ले स्टोअरमधून वेगळं घ्यावं लागतं). स्पेसला 'निवडा' हे काम द्या आणि ऑटो-स्कॅन चालू करा, म्हणजे पडद्यावर एक चौकट एकेका पर्यायावरून आपोआप सरकत राहते आणि हवा तो आला की स्विच दाबायचा. सेल्फीचं ब्लूटूथ बटण यापेक्षा स्वस्त पडतं, पण काही मिनिटांनी ते झोपतं आणि पहिला दाब जागं होण्यातच जातो. ज्याला एक दाब द्यायला इतके कष्ट पडतात त्याच्यासाठी ते बरोबर नाही.

स्कॅनचा वेग अंदाजानं ठेवू नका. चौकट आल्यावर माणसाला दाबायला सरासरी किती वेळ लागतो ते १०-१५ वेळा मोजा आणि त्या आकड्याला ०.६५ नं भागा. १.३ सेकंद लागत असतील तर चौकट २ सेकंद थांबायला हवी. स्विचची जागा कायमची ठरवण्यापूर्वी तो मास्किंग टेपनं वेगवेगळ्या ठिकाणी लावून दोन-तीन दिवस बघा. ताठरपणाची लाट आली की आपोआप दाबला जाईल अशी जागा टाळा.

कागदपत्रं आणि मदत

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच पर्यायी पद्धती धरल्या आहेत. कलम १७ नुसार बोलण्याची अडचण असलेल्या विद्यार्थ्यांसाठी अशा पद्धतींना उत्तेजन देणं आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत योग्य साहाय्यक साधनं मोफत देणं ही जबाबदारी शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणांची आहे. शाळेला पत्र देताना कलमाचा क्रमांक लिहा आणि मागणी नेमकी करा: तक्ता कायम बाकावर राहील, तक्त्यावर किंवा फोनवर दिलेलं उत्तर तोंडी उत्तर मानलं जाईल, उत्तराला जास्त वेळ मिळेल. पोच घ्या.

यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय निवडता येतं. तपासणीला जाताना थेरपिस्टचा लेखी अहवाल न्या आणि तक्ताही न्या, म्हणजे मूल डॉक्टरांशी स्वतः बोलू शकेल. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय योजना घ्या. १ लाखापर्यंतच्या या विम्यात थेरपीचाही समावेश आहे. साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथे एकदा साधन घेतलं की त्याच कारणासाठी तीन वर्षं (१२ वर्षांखालील मुलांना एक वर्ष) पुन्हा मदत मिळत नाही, म्हणून शिबिरात समोर आलेलं साधन उपयोगाचं नसेल तर नम्रपणे नाकारा. महापालिकेच्या दिव्यांग योजनांची चौकशी समाजविकास विभागात करा. दाद मागायची वेळ आली तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे.

स्पीच थेरपिस्ट निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा, आणि "न बोलणाऱ्यांसाठी तक्ता किंवा ॲप यावर काम करता का?" हेही स्पष्ट विचारा. धनकवडीच्या भारती विद्यापीठात या विषयाचं महाविद्यालय आहे. शिकवणाऱ्या संस्थांत खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च सहसा कमी येतो.

साधनं फिरती ठेवायची असतील तर

शाळा, वाचनालय किंवा गणेश मंडळ पुढाकार घेत असेल तर "एक टॅब द्या" असं मागू नका. त्याच पैशांत तीस कागदी संच, दोन डोळ्यांच्या पाट्या आणि तीन-चार स्विच होतात. कागदी संच देऊन टाकायचे, परत मागायचे नाहीत. पाट्या, स्विच आणि बोर्ड चार आठवड्यांच्या बोलीवर द्या. तेवढ्यात ते जमतंय का हे कळतं आणि मगच घरच्यांनी स्वतःचं करून घ्यावं. प्रत्येक पेटीत मराठीत एक पान ठेवा: जोडायचं कसं, चाललं नाही तर आधी काय तपासायचं, कुणाला फोन करायचा. परत आलेल्या वस्तू साबणाच्या पाण्यानं पुसून, वाळवून, मग स्पिरिटनं पुसा. मात्र ॲक्रिलिकला स्पिरिट लावू नका, त्याला बारीक तडे जातात. तिथे साबण आणि मऊ कापडच वापरा. स्विच पुढच्या घरी पाठवण्यापूर्वी पुन्हा मल्टिमीटरला लावून ५० वेळा दाबा.